रसायन आणि फळमाशी: प्रजननावरचा परिणाम वेगळा मोजा, उत्परिवर्तन वेगळं

प्राणिशास्त्राच्या प्रकल्पवह्यांमध्ये एक निष्कर्ष वारंवार दिसतो: अमुक रसायन दिलेल्या फळमाश्यांना पिल्लं कमी झाली, तेव्हा हे रसायन उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएत कायमचा बदल, घडवतं. पहिल्या अर्ध्या भागावरून दुसरा अर्धा भाग सिद्ध होत नाही. पिल्लं कमी होण्याला अनेक वाटा आहेत. मादीने अंडीच कमी घातली असतील, नराने समागम केला नसेल, शुक्रपेशी निकामी झाल्या असतील, गर्भ अंड्यातच मेला असेल किंवा अळ्या उपाशी राहिल्या असतील. यातल्या बहुतेक वाटांवर डीएनएचा एक अक्षरही बदललेला नसतो. उलट एखादं रसायन अंड्यांची संख्या जराही कमी न करता पुढच्या पिढीत घातक जनुकं पेरू शकतं. म्हणून प्रजननाचं मोजमाप आणि उत्परिवर्तनाचं मोजमाप हे दोन वेगळे प्रयोग आहेत. त्यांच्यासाठी संकर वेगळे, नळ्यांची संख्या वेगळी आणि हिशेबही वेगळा.

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे किंवा एमएस्सीचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. रसायन म्हणून सोडियम बेंझोएट घेऊ. लोणची, सरबतं, सॉस यांत टिकाऊपणासाठी ते घालतात. ते पाण्यात विरघळतं, स्वस्त आहे आणि विद्यार्थ्यांच्या हाती द्यायला फारसा धोका नाही. शिवाय त्यात एक सापळा आहे, आणि तो सोडवताना प्रयोगाची मांडणी नीट शिकता येते.

थोडा इतिहास इथे कामाचा आहे. कोलंबिया विद्यापीठात टी. एच. मॉर्गन यांना १९१० मध्ये पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, तो आपोआप घडलेल्या उत्परिवर्तनातून. उत्परिवर्तन मुद्दाम घडवता येतं हे हरमन म्युलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं. रसायनांची पाळी दुसऱ्या महायुद्धात आली. नाझी जर्मनीतून एडिंबरोला आलेल्या शार्लट आउअरबाख यांनी जे. एम. रॉबसन यांच्यासह फळमाश्यांवर मस्टर्ड गॅसचा प्रयोग केला. काम १९४०-४१ चं, पण युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे सविस्तर निकाल छापून यायला १९४६ साल उजाडलं. त्याच सुमारास सोव्हिएत रशियात राप्पोपोर्ट यांनी फॉर्मल्डिहाइड अन्नातून देऊन उत्परिवर्तनं मिळवली. या सगळ्यांचे निष्कर्ष टिकले, कारण 'माश्या कमी झाल्या' एवढ्यावर कोणी थांबलं नाही. बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो हे त्यांनी संकर करून दाखवलं.

माशी कुठून आणायची

आंबा-कलिंगडाला डंख मारणारी, बागायतदारांच्या ओळखीची फळमाशी वेगळ्या कुळातली आहे. आपल्याला हवी ती जास्त पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारी दोन-तीन मिलिमीटरची, लाल डोळ्यांची ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर.

ती केळं ठेवून पकडता येते, पण या प्रयोगासाठी तसं करू नका. एकतर सापळ्यात ड्रोसोफिला अननासी, बायपेक्टिनाटा, पांढऱ्या पट्ट्यांची झाप्रिओनस इंडियानस अशा कितीतरी जाती एकत्र येतात. दुसरं, बाजारातल्या माश्यांच्या पिढ्या कीटकनाशकांना तोंड देत आलेल्या असतात. सीवायपी६जी१ या जनुकाचं काम वाढल्यामुळे डीडीटीला दाद न देणाऱ्या माश्या जगभर पसरल्या आहेत. अशी माशी तुमचं रसायनही वेगळ्या वेगाने पचवू शकते.

तिसरं कारण सगळ्यांत मोठं. आजच्या रानटी मेलानोगॅस्टरमध्ये पी-घटक नावाचे उड्या मारणारे डीएनएचे तुकडे असतात. कँटन-एस आणि ओरेगॉन-आर हे प्रयोगशाळेतले जुने वाण पी-घटक पसरण्याआधीचे, त्यामुळे त्यांच्यात ते नसतात. रानटी नर आणि जुन्या वाणाची मादी यांचा संकर केला की संततीच्या जननपेशींत हे तुकडे मोकाट सुटतात. पिल्लं वांझ निघतात, बीजकोश खुरटतात, उत्परिवर्तनं वाढतात, आणि २८-२९ अंश तापमानात हा प्रकार आणखी जोर धरतो. म्हणजे रसायनाचा थेंबही न घालता तुम्ही शोधत असलेली सगळी लक्षणं समोर उभी राहतात. १९७७ मध्ये वर्णन झालेला हा 'हायब्रिड डिस्जेनेसिस' माहीत नसेल तर अख्खा प्रकल्प वाया जातो.

तेव्हा एकच, ओळख पटलेला वाण घ्या. भारतात म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागातलं ड्रोसोफिला स्टॉक सेंटर यासाठी जुनं आणि विश्वासाचं ठिकाण आहे. ओरेगॉन-के हा वाण आपल्याकडे खूप वापरला जातो. पुढे लागणारा बास्क हा खुणेचा वाणही आधीच मागवा आणि दोन्ही वाण किमान दोन पिढ्या स्वतःच्या प्रयोगशाळेत वाढवूनच सुरुवात करा.

अन्न

आपल्याकडे रुळलेली रवा-गुळाची कृती सोपी आहे: १ लिटर पाणी, १०० ग्रॅम गूळ, १०० ग्रॅम रवा, १० ग्रॅम अगर. गूळ आणि अगर उकळत्या पाण्यात विरघळू द्या, रवा थोड्या गार पाण्यात कालवून ओता, सतत ढवळत घट्ट होईपर्यंत शिजवा. आच बंद केल्यावर मिश्रण ६० अंशांच्या खाली येऊ द्या आणि मग बुरशी रोखायला ७.५ मिलि प्रोपिओनिक आम्ल घाला. नळीत दीड-दोन बोटं अन्न पुरे. वर मलमलीचं कापड टाकून रात्रभर वाफ जाऊ द्या, नाहीतर काचेवरच्या थेंबांत माश्या चिकटून मरतात.

चाचणीचं रसायनही याच टप्प्यावर, ६० अंशांखाली मिसळायचं. आधी थोड्या पाण्यात विरघळवून घ्या आणि तेवढंच साधं पाणी कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठी रसायनाशिवाय ठेवलेल्या गटाच्या, अन्नात घाला. पाण्यात न विरघळणारं रसायन असेल तर ज्या द्रावकात ते विरघळवलं, तो द्रावक तेवढ्याच प्रमाणात दिलेला आणखी एक गट हवा.

आता बेंझोएटचा सापळा. माशी मुख्यतः यीस्टवर जगते आणि मादीची अंडी यीस्टमधल्या प्रथिनांवर ठरतात. बेंझोएट यीस्टला मारण्यासाठीच बाजारात विकलं जातं, आणि आम्लधर्मी अन्नात तर ते अधिक प्रभावी होतं. आपल्या अन्नात प्रोपिओनिक आम्ल आधीच आहे. मग नेहमीप्रमाणे वर जिवंत यीस्टचे दाणे भुरभुरले, तर कंट्रोलमध्ये यीस्ट वाढेल आणि बेंझोएटच्या नळीत मरेल. पुढे अंडी कमी दिसली तर ती भुकेमुळे. उपाय असा की सगळ्या गटांना मेलेलं यीस्ट द्यायचं. कोरडं यीस्ट पाण्यात लगद्यासारखं कालवा, भांडं उकळत्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा आणि हा लगदा प्रत्येक नळीत मोजून घाला.

याशिवाय सोडियमचा परिणाम वेगळा काढायला आणखी एक गट ठेवावा: १ ग्रॅम बेंझोएटमागे सुमारे ०.४ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे दोन्हीकडे सोडियमचे आयन सारखे. हा गट मी प्रकल्पांत क्वचितच पाहिला आहे, आणि परीक्षकाने पहिला प्रश्न याच्यावर विचारायला हवा.

तापमान

फळमाशीला २५ अंश सेल्सिअस मानवतं. त्या तापमानात अंड्यातून अळी सुमारे एका दिवसात येते, अळीच्या तीन अवस्था चार दिवसांत उरकतात, कोष चार-पाच दिवसांचा, आणि दहाव्या दिवशी माशी बाहेर. १८ अंशांत हेच चक्र जवळपास दुप्पट लांबतं.

महाराष्ट्रात खरी अडचण वरच्या टोकाला आहे. अळ्या आणि कोष ३० अंशांत वाढले तर त्यातून निघणारे नर बहुधा वांझ असतात. नागपूर, अकोला, जालना इथल्या एप्रिलमध्ये साध्या खोलीत केलेल्या 'प्रजननक्षमता' प्रयोगाला काही अर्थ उरत नाही. कंट्रोलमधले नरही अर्धेमुर्धे वांझ असतील, तर रसायनाने काय केलं हे कसं कळणार? ठरावीक तापमान राखणारी पेटी, म्हणजे बीओडी इनक्युबेटर, असेल तर उत्तम. नसेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काम उरका. इनक्युबेटर असला तरी आत किमान-कमाल दाखवणारा तापमापक ठेवा आणि रोज नोंद करा. सुट्टीच्या दिवशी वीज गेली की आतलं तापमान कुठवर चढलं, हे एरवी कळत नाही.

त्या खोलीत डासांची कॉइल, लिक्विड मशीन किंवा झुरळांचा फवारा वापरू नका. त्यातली पायरेथ्रॉइडं माश्यांना मारतात, आणि जगलेल्या माश्या तुमच्या आकड्यांत शिरतात. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या की मुंग्या येत नाहीत.

मात्रा ठरवणं

सरळ एक आकडा धरून सुरू करू नका. आधी दुपटीची शिडी लावा, उदाहरणार्थ लिटरमागे ०, ०.५, १, २, ४ आणि ८ ग्रॅम. प्रत्येक पायरीला पाच नळ्या, नळीत पन्नास अळ्या किंवा वीस प्रौढ माश्या. किती मेल्या, किती माश्या बनून बाहेर आल्या, किती दिवस उशीर झाला ते लिहा. ज्या पायरीला निम्म्या मरतात ती प्रजननाच्या प्रयोगासाठी जास्तच आहे. अर्धमेली माशी अंडी घालत नाही, आणि त्यातून काही शिकायला मिळत नाही. माझ्या मते सर्वांत वरची मात्रा अशी असावी की जेमतेम दहा-वीस टक्के मरतील, आणि तिच्याखाली आणखी दोन मात्रा.

माशी चव घेऊनच खाते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दीकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी १९७० च्या दशकापासून फळमाशीच्या गंध-चवीवर जे काम उभारलं, ते अशा जाणिवा बिघडलेल्या उत्परिवर्ती माश्या निवडूनच. कडू किंवा खारट अन्न माशी टाळते, मग रसायन पोटात जातच नाही आणि उपासमारीचा परिणाम रसायनाच्या नावावर जमा होतो. खात्री करायला अन्नात खाण्याचा निळा रंग मिसळा. काही तासांनी पोट काचेतूनही निळं दिसतं. वीस-वीस माश्या चिरडून पाण्यात घोळल्या आणि रंगमापकावर तपासल्या, तर दोन गटांनी किती खाल्लं याची तुलनाही होते. दोन्हीकडे खाणं सारखं असेल तरच पुढे जा.

व्हर्जिन माद्या

मादी एकदाच्या समागमातले शुक्राणू साठवून दोन आठवड्यांपर्यंत अंडी फलित करत राहते. त्यामुळे संकरासाठी घेतलेली मादी आधी समागम न झालेलीच हवी. २५ अंशांत कोषातून निघाल्यावर पहिले आठ तास ती नराला जवळ येऊ देत नाही. सकाळी बाटली पूर्ण रिकामी करा, दर सहा-सात तासांनी नव्या माश्या काढून नर-मादी वेगळे करा, आणि रात्री बाटली १८ अंशांत ठेवा म्हणजे मुदत जवळपास दुप्पट मिळते. नुकती निघालेली मादी फिकट असते आणि पोटाच्या पातळ कातडीतून एक गडद डाग दिसतो. ही सर्वांत भरवशाची खूण. नर ओळखायला पोटाचं काळं, गोलसर टोक आणि पुढच्या पायांवरचा काळा कंगवा पाहा. माद्या तीन दिवस वेगळ्या ठेवा. त्या नळीत अळ्या दिसल्या तर सगळी नळी बाद.

बेशुद्धीसाठी बहुतेक महाविद्यालयांत इथरच असतो. तो कमीत कमी वापरा. पंख काटकोनात वर उभे राहिले की माशी मेली. बर्फावरची थाळी चालते आणि अधिक सुरक्षित आहे. कोणतीही पद्धत घ्या, सगळ्या गटांना सारखी.

प्रजननाचा प्रयोग

तीन दिवसांच्या माश्या घ्या. चार तास नुसत्या ओल्या कागदावर उपाशी ठेवा. मग ५ टक्के साखरपाण्यात विरघळवलेलं बेंझोएट गाळणकागदावरून ४८ तास द्या. कंट्रोलला नुसतं साखरपाणी. त्यानंतर सगळ्यांना साध्या अन्नावर आणा. अंडी कायम साध्या अन्नावरच घालायला हवीत, नाहीतर रसायन थेट अळीला भिडतं आणि आई-बापावरचा परिणाम त्यात मिसळून जातो.

संकर चार हवेत: रसायन दिलेला नर आणि साधी मादी, साधा नर आणि रसायन दिलेली मादी, दोघांनाही रसायन, दोघेही साधे. प्रत्येकाच्या किमान वीस जोड्या, एका नळीत एकच जोडी. नुसता 'दोघांनाही रसायन' हा गट करून थांबलात तर दोष आईचा की बापाचा हे कधीच कळणार नाही. नळ्यांवर गटाचं नाव न लिहिता सांकेतिक आकडे टाका, यादी दुसऱ्या कुणाकडे ठेवा. अंडी मोजणाऱ्याला गट माहीत असला की डोळा नकळत झुकतो.

अंडी मोजायला छोट्या थाळीत गूळ-अगर घ्या आणि त्यात काळ्या द्राक्षांचा रस घाला. गडद पृष्ठावर अर्धा मिलिमीटरची पांढरी अंडी, टोकाच्या दोन शिंगांसकट, स्पष्ट दिसतात. मध्ये मेलेल्या यीस्टचा ठिपका. थाळी रोज बदला आणि दहा दिवस मोजत राहा. जोमातली मादी दिवसाला पन्नासच्या वर अंडी घालते, तेव्हा हाताशी टिचकी-गणक ठेवा. प्रत्येक थाळी ४८ तासांनी पुन्हा पाहून न फुटलेली अंडी मोजा. मग ठरावीक संख्येने, समजा पन्नास, अळ्या साध्या अन्नाच्या नळीत सोडा आणि किती माश्या बाहेर आल्या ते लिंगानुसार लिहा.

यातून तीन आकडे मिळतात आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत. मादीमागे रोजची अंडी. त्यांपैकी फुटलेल्यांची टक्केवारी. अळ्यांपैकी माशी झालेल्यांची टक्केवारी. पहिला आकडा पडला आणि उरलेले ठीक असले, तर मादीचं पोषण, हार्मोन किंवा बीजकोश पाहायला हवा. जनुकांबद्दल काही म्हणता येत नाही. दुसरा पडला तर न फुटलेल्या अंड्यांचा रंग पाहा. पांढरी राहिलेली अंडी फलित झाली नाहीत किंवा अगदी सुरुवातीला मेली. तपकिरी पडलेल्यांत गर्भ वाढला आणि नंतर मेला. रसायन फक्त बापाला दिलेलं असताना तपकिरी अंडी वाढली, तर शुक्राणूंमध्ये गर्भ मारण्याइतकी गुणसूत्रांची मोडतोड झाली असावी. याला प्रबळ घातक म्हणतात, आणि प्रजननाच्या प्रयोगातून जनुकीय हानीकडे बोट दाखवणारी ही सर्वांत ठळक खूण. त्याच गटात मुली कमी आणि मुलगे नेहमीइतके निघाले, तर बापाच्या एक्स गुणसूत्राकडे संशय जातो, कारण तो मुलींनाच मिळतो. तरीही हे संशयच. सिद्धता पुढच्या प्रयोगात.

पांढरी अंडी वाढली तर नराची तपासणी करा. समागम साधारण पंधरा-वीस मिनिटं चालतो, तो होतो का ते तासभर बसून पाहा. झाला असेल तर मादीची शुक्राणू साठवणारी नलिका खारट द्रावणात सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. आत शुक्राणू वळवळत आहेत, निश्चल आहेत की नाहीतच, या तीन उत्तरांवरून तीन वेगळे निष्कर्ष निघतात.

एक गोष्ट प्रकल्पांत सर्रास सुटते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे दहा दिवस लागतात. आज दिलेलं रसायन तयार शुक्राणूंना न छेडता अर्धवट वाढलेल्या पेशींना गाठू शकतं. म्हणून त्याच नराला दर तीन दिवसांनी नव्या व्हर्जिन माद्या द्या, असं बारा दिवस. पहिल्या खेपेतली अंडी तयार शुक्राणूंची, नंतरच्या खेपा क्रमाने अधिकाधिक कोवळ्या पेशींच्या. एखाद्या मधल्या खेपेतच पिल्लं घटून पुढे पूर्ववत झाली, तर कोणत्या टप्प्याला धक्का बसला ते कळतं. एकाच खेपेवर थांबलात तर हे सगळं नजरेआड राहतं.

उत्परिवर्तनाचा प्रयोग

आधी काय उत्परिवर्तन नाही ते. वाकडा पंख, चुरगळलेला पंख, फिकट अंग, वेगळा डोळा दिसला की फोटो काढून 'म्युटंट' लिहिलं जातं. नुकत्या निघालेल्या माशीचे पंख घडी केलेलेच असतात. रसायनं जनुक न बदलता नुसतं रूप बदलू शकतात: कोवळ्या अंड्यांना इथरची वाफ दिली तर बायथोरॅक्स या पंखांची जास्तीची जोडी देणाऱ्या उत्परिवर्तनासारख्या माश्या निघतात, आणि त्यांची पिल्लं मात्र साधीच असतात. वेगळी दिसणारी माशी सापडली तर तिचा साध्या माश्यांशी संकर करा आणि दोन पिढ्या थांबा. रूप खाली उतरलं नाही तर ते उत्परिवर्तन म्हणता येत नाही.

मोजता येईल अशी जुनी, पक्की पद्धत म्हणजे एक्सवरच्या अप्रबळ घातक, म्हणजे जोडीला निरोगी जनुक नसेल तरच जीव घेणाऱ्या, उत्परिवर्तनांची चाचणी. तिला बास्क किंवा म्युलर-५ हा वाण लागतो. त्याच्या एक्स गुणसूत्रावर डोळा अरुंद करणारं बार, जर्दाळू रंगाचा डोळा देणारं जनुक आणि उलटलेले तुकडे आहेत. या उलट्या तुकड्यांमुळे हा एक्स दुसऱ्या एक्सशी भागांची अदलाबदल करत नाही.

रसायन दिलेले लाल डोळ्यांचे नर बास्क व्हर्जिन माद्यांशी जुळवा, प्रत्येक नर वेगळा, दर तीन दिवसांनी नव्या माद्या. पहिल्या पिढीतल्या प्रत्येक मुलीकडे एक बास्क एक्स आणि एक बापाचा, म्हणजे रसायन भोगलेल्या एका शुक्राणूचा एक्स असतो. तिचा डोळा लाल आणि काजूगरासारखा दिसतो. अशी एकेक मुलगी तिच्या दोन भावांसोबत स्वतंत्र नळीत ठेवा. एक नळी म्हणजे तपासलेला एक एक्स. ही मुलगी व्हर्जिन नसली तरी चालते, भाऊच नर असतात.

दहा-बारा दिवसांनी नळी भिंगाखाली धरा. बेशुद्ध करायचीही गरज नाही. चार प्रकारच्या माश्या असाव्यात: अरुंद जर्दाळू डोळ्याच्या माद्या, काजूगराच्या आकाराच्या लाल डोळ्याच्या माद्या, अरुंद जर्दाळू डोळ्याचे नर, आणि गोल लाल डोळ्याचे नर. शेवटच्या प्रकारच्या नराला रसायन भोगलेला एक्स एकटाच मिळालेला असतो. त्यावर घातक उत्परिवर्तन असेल तर हे नर जगतच नाहीत. म्हणजे नळीत एकही गोल लाल डोळ्याचा नर नाही, बाकी तीन प्रकार मात्र भरपूर. नळीत निदान वीस माश्या असतील तरच निकाल धरा.

संशयित नळीतल्या काजू-डोळ्याच्या माद्या बास्क नरांशी पुन्हा जुळवून आणखी एक पिढी पाहा. रसायनांच्या बाबतीत हे विशेष गरजेचं आहे. आउअरबाख यांना मस्टर्ड गॅसच्या माश्यांमध्ये दिसलं होतं की रासायनिक उत्परिवर्तन पुष्कळदा अंगाच्या काही भागातच असतं. डीएनएच्या एका धाग्यावर इजा झाली की गर्भाच्या काही पेशींत बदल जातो, काहींत जात नाही. अशी मुलगी दुसऱ्या पिढीत चार-दोन लाल डोळ्याचे नर देते आणि घातक उत्परिवर्तन निसटतं. एकाच नराच्या एकाच खेपेतून पाच-सहा घातक नळ्या आल्या तर त्या एकाच जुन्या बदलाच्या प्रती असू शकतात. त्या स्वतंत्र घटना म्हणून मोजू नका. यासाठी प्रत्येक नळीवर बापाचा क्रमांक हवाच.

आता संख्येचं कडू सत्य. रसायन न देताही हजार एक्समध्ये साधारण एक ते तीन घातक निघतात. तुम्ही ३०० नळ्या तपासल्या आणि एकही घातक मिळालं नाही, तर याचा अर्थ दर १ टक्क्याहून कमी आहे, एवढाच. नैसर्गिक दराच्या पाचपट वाढही तुमच्या नजरेतून सुटू शकते. ५०० पैकी कंट्रोलमध्ये १ आणि बेंझोएटमध्ये ३ निघाले, तरी फरक सिद्ध होत नाही. दर दुप्पट झाला हे दाखवायचं तर दोन्ही गटांत हजारो नळ्या लागतात. या चाचणीसाठी ओईसीडी या आर्थिक सहकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची १९८४ ची ४७७ क्रमांकाची मार्गदर्शिका होती, ती २०१४ मध्ये वगळली गेली. मोठ्या मेहनतीच्या मानाने सौम्य रसायनं पकडायला ती कमी पडते. तरी शिकण्यासाठी माझी पसंती हिलाच. आनुवंशिकता डोळ्यांनी दिसते, आणि वर्गाने मिळून नळ्या वाटून घेतल्या तर एका सत्रात हजारापर्यंत पोहोचता येतं.

वेळ कमी असेल तर पंखांवरच्या ठिपक्यांची चाचणी करा, स्मार्ट नावाने ओळखतात ती. तिसऱ्या गुणसूत्रावर 'मल्टिपल विंग हेअर्स' आणि 'फ्लेअर' अशा दोन खुणा असलेल्या संकरातल्या सुमारे ७२ तासांच्या अळ्यांना रसायनाचं अन्न द्यायचं. त्या वेळी पंख घडवणाऱ्या पेशी विभागत असतात. एखादीत बदल झाला तर तिच्या वंशातल्या पेशींवर वेगळे केस उगवतात. प्रौढ माशीचे पंख काचपट्टीवर बसवून ४०० पट मोठे करून ठिपके मोजतात. एका माशीच्या दोन पंखांत सुमारे ४८,८०० पेशी पाहिल्या जातात, म्हणून थोड्या माश्यांतही बळ येतं. पण हे अंगातल्या पेशींचं उत्परिवर्तन आहे. पुढच्या पिढीला ते मिळत नाही, आणि निष्कर्षात तसं लिहायला हवं.

धन कंट्रोल आणि सुरक्षितता

उत्परिवर्तन नक्की घडवणारं रसायन सोबत दिलं नाही तर 'काही सापडलं नाही' याला किंमत नाही. कदाचित तुम्हाला सापडवताच येत नसेल. फळमाशीत हे काम ईएमएस (इथाइल मीथेनसल्फोनेट) करतं. लुईस आणि बाखर यांनी १९६८ मध्ये ते ०.०२५ मोलर तीव्रतेने साखरपाण्यातून पाजण्याची पद्धत दिली, ती आजही चालते. पण ईएमएस बाष्पशील आहे, कर्करोगकारक आहे, आणि माणसाच्या डीएनएवरही तसंच काम करतं. विषारी वाफ बाहेर खेचणारं धुराडं (फ्यूम हूड), योग्य हातमोजे आणि प्रशिक्षित माणूस नसेल तर महाविद्यालयात त्याची बाटली उघडू नका. विद्यापीठ विभागाच्या प्रयोगशाळेत त्यांच्या देखरेखीखाली नर तयार करून घ्या. पाजण्याच्या नळ्या, कागद आणि त्यातल्या माश्यांची विष्ठासुद्धा दूषित असते. सगळं अल्कधर्मी सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात किमान एक दिवस बुडवून मगच टाकायचं.

हिशेब आणि निष्कर्षाची भाषा

प्रजननाच्या प्रयोगात एकक म्हणजे जोडी, अंडं नव्हे. वीस जोड्यांची आठ हजार अंडी मोजली तरी नमुना वीसचाच. प्रत्येक जोडीची टक्केवारी काढा आणि गटांची तुलना मान-व्हिटनी किंवा क्रुस्कल-वॉलिस चाचणीने करा. घातक नळ्यांसाठी फिशरची अचूक चाचणी पुरते. एकही अंडं न दिलेल्या जोड्या गाळू नका; त्या वेगळ्या नोंदवा, कारण वांझपणाचा आकडा त्यांच्यातच आहे.

बेंझोएटच्या प्रयोगातून अंडी कमी, फुटण्याचं प्रमाण सारखं आणि घातक नळ्या कंट्रोलइतक्याच असं चित्र आलं, तर लिहावं: 'या मात्रेला, मेलेल्या यीस्टवर, मादीने अंडी कमी घातली, तपासलेल्या इतक्या एक्समध्ये घातक उत्परिवर्तनांत वाढ आढळली नाही, आणि इतक्या टक्क्यांहून लहान वाढ या संख्येत दिसू शकत नाही.' मात्रा, तापमान, वाण, खेपा आणि नळ्यांची संख्या त्याच परिच्छेदात द्या. माणसाबद्दल वाक्य टाकायचा मोह होतो. माशीला पाजलेल्या मात्रेवरून लोणचं खाणाऱ्या माणसाचं काही ठरत नाही, तेव्हा ते वाक्य गाळा.

काम संपल्यावर रसायनाच्या आणि बास्कच्या माश्या खिडकीतून सोडू नका. बाटल्या रात्रभर डीप फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी साबणाच्या पाण्यात रिकाम्या करा. बास्कची एक नळी मात्र १८ अंशांत जपा आणि महिन्यातून एकदा नव्या अन्नावर न्या. पुढच्या वर्षीच्या तुकडीला ती लागेल.